तारेवरचे बहुरूपी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



'मॉकिंगबर्ड' हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या कानावरून गेलेलं असतं. हार्पर ली या अमेरिकन लेखिकेच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीच्या नावात तो आहे, इंग्रजी गाण्यांमध्ये तो आहे. प्रत्यक्षात मात्र हा पक्षी आपल्याकडे नाही. तो अमेरिका खंडातला. राखाडी रंगाचा, लांब शेपटीचा, दिसायला अगदी साधा. पण ऐकायला? त्याचं जे शास्त्रीय नाव आहे, त्याचा अर्थच मुळी 'अनेक भाषा बोलणारा नकलाकार' असा होतो. हा पक्षी दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज उचलतो, बेडकाचा उचलतो, मोटारीच्या भोंग्याचाही उचलतो. एकेका नराच्या संग्रहात दोनशेच्या आसपास गाणी असू शकतात.

तिकडच्या लोकांना तो पाहायला जंगलात जावं लागत नाही. घरासमोरच्या हिरवळीवर, टेलिफोनच्या तारेवर, दुकानापुढच्या झुडपात तो असतो. त्यामुळे चहाचा कप हातात घेऊन त्याचे फोटो काढणारे, त्याच्या नोंदी ठेवणारे हौशी लोक तिकडे हजारोंनी आहेत. हे वाचलं, ऐकलं की आपल्या मनात सहज येतं, की आपल्या नशिबात असा पक्षी कुठला? आपला बीड जिल्हा म्हणजे दुष्काळ, कापूस, ऊसतोड आणि बालाघाटाचे उघडे डोंगर. इथे कोण येणार नकला करायला?

तर आज मला एवढंच सांगायचं आहे, की असा पक्षी आपल्याकडे आहे. एक नव्हे, निदान चार आहेत. ते आपल्या गल्लीत आहेत, बांधावर आहेत, एसटी थांबली की खिडकीतून दिसणाऱ्या विजेच्या तारेवर आहेत. त्यातल्या एकाला तर आपल्या मराठीनं नावच 'नकल्या' असं दिलेलं आहे. नकल्या खाटीक.

आधी त्याचीच ओळख करून घेऊ. बुलबुलापेक्षा थोडा मोठा, सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीचा हा पक्षी. डोकं आणि मान राखाडी, पाठीचा मागचा भाग तांबूस, शेपटी लांब आणि डोळ्यांवरून गेलेली जाड काळी पट्टी. चोराच्या तोंडावर फडकं बांधावं तशी. चोच टोकाला आकड्यासारखी वळलेली. 'खाटीक' हे नाव का पडलं, ते त्याचं घर पाहिलं की कळतं. नाकतोडा, सरडा, उंदराचं पिल्लू असं काही पकडलं आणि लगेच खायचं नसलं, तर हा पक्षी ते बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्याला अडकवून ठेवतो. खाटकाच्या दुकानात टांगलेलं असतं तसं. काट्याला लटकलेला वाळका टोळ दिसला, की समजावं, ही खाटकाची कोठी आहे.

एवढ्या क्रूर व्यवहाराच्या पक्ष्याचा गळा मात्र मोठा गोड. एरवी तो कर्कश ओरडतो. पण विणीच्या दिवसांत, झुडपाच्या शेंड्यावर निवांत बसलेला असताना, तो हळू आवाजात, स्वतःशीच पुटपुटल्यासारखा गायला लागतो. लक्ष देऊन ऐकलं तर त्या पुटपुटण्यात ओळखीचे तुकडे सापडतात. मध्येच टिटवी, मध्येच खार, मध्येच कोकीळ. कुत्र्याच्या पिल्लाचं कुंई कुंईसुद्धा तो काढतो, असं पक्षितज्ज्ञांनी नोंदवलेलं आहे.

काही वर्षांपूर्वी शाळेतल्या मुलांना घेऊन मांजरसुंब्याच्या बाजूला डोंगरउतारावर गेलो होतो. एका बाभळीतून टिटवीचा आवाज आला. मुलं एकसुरात म्हणाली, "टिटवी!" मेंढपाळाच्या घरचा एक मुलगा मागे उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "सर, टिटवी बाभळीवर बसत नसते." विषय संपला. टिटवी जमिनीवर राहणारी, उघड्यावर खड्यांमध्ये अंडी घालणारी. ती झाडावर बसत नाही, हे त्या मुलाला कुणी शिकवलेलं नव्हतं. मग बाभळीत कोण आहे, याचा शोध घ्यायला मुलं वाकून पाहू लागली आणि शेंड्यावर काळी पट्टी बांधलेला नकल्या सापडला. निरीक्षण म्हणतात ते हेच. आवाज कुठला आहे याबरोबरच तो कुठून येतो आहे, हेही पाहायचं. आवाज आणि जागा यांचा मेळ बसला नाही, की समजावं, इथे कुणीतरी सोंग घेतलेलं आहे.

दुसरा नकलाकार तर आपल्या इतका सरावाचा, की आपण त्याच्याकडे पाहतही नाही. कोतवाल. अंगभर चकचकीत काळा, शेपटीला लांब दुभंग, चोचीच्या कोपऱ्यात एक बारीक पांढरा ठिपका. म्हशीच्या पाठीवर बसून रानात फिरतो, नांगरामागे, ट्रॅक्टरमागे उडतो, तारेवरून झेप घेऊन हवेतल्या हवेत किडा टिपतो आणि परत त्याच जागी येऊन बसतो. गावातला कोतवाल जसा गावाची राखण करी, तसा हा आपल्या झाडाची राखण करतो. घार असो, कावळा असो, शिक्रा असो, स्वतःपेक्षा कितीतरी मोठ्या पक्ष्याच्या अंगावर धावून जातो. त्यामुळे होले, बुलबुल, हळद्या असे गरीब स्वभावाचे पक्षी त्याच्या शेजारी घरटं बांधायला येतात. पोलीस चौकीजवळ घर घ्यावं, तसंच हे. पहाटे सगळ्यात आधी जागा होणाऱ्या आणि संध्याकाळी सगळ्यात उशिरा झोपणाऱ्या पक्ष्यांत त्याची गणना होते.

पण या कोतवालाची दुसरी बाजूही आहे. तो शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. शिक्रा म्हणजे लहान पक्ष्यांचा काळ. साळुंक्या गवतात किडे टिपत असतात. वरून शिक्र्याचा आवाज येतो. साळुंक्या सगळं टाकून पळतात आणि खाली राहिलेला किडा कोतवाल उचलतो. राखणदारानंच हूल देऊन माल लंपास करावा, असा हा प्रकार.

कोतवालाचा एक आफ्रिकेतला भाऊबंद आहे. कालाहारी वाळवंटातल्या या पक्ष्याचा टॉम फ्लॉवर या शास्त्रज्ञानं अनेक वर्षं अभ्यास केला आणि २०१४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिथला कोतवाल मुंगसासारख्या दिसणाऱ्या मीरकॅट नावाच्या प्राण्यांच्या कळपाबरोबर हिंडतो. खरा शत्रू आला तर तो खरा इशारा देतो. म्हणून कळप त्याच्यावर विश्वास ठेवतो. पण एखाद्या मीरकॅटला चांगला मोठा किडा सापडला, की हा खोटा इशारा देतो आणि किडा पळवतो. आपल्या दिवसभराच्या अन्नातला जवळजवळ पाव हिस्सा तो असा चोरून मिळवतो.

आता आपल्याला 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आठवेल. पुन्हा पुन्हा खोटं ओरडलं की लोक येईनासे होतात आणि मेंढरं जातात. कोतवालाला हे ठाऊक आहे असं म्हणावं लागेल. एका आवाजाला कळप दाद देईनासा झाला, की तो आवाज बदलतो. कधी स्वतःचा इशारा, कधी दुसऱ्या पक्ष्याचा, कधी मीरकॅटचाच. गोष्टीतल्या त्या पोरापेक्षा हा पक्षी शहाणा, कारण त्याच्या भात्यात अनेक आवाज आहेत.

तिसरा नकलाकार दयाळ. हा गावातला, वाड्यातला, परसातला पक्षी. काळा-पांढरा, टुमदार, शेपटी सतत उभारलेली. आपल्या शेजारच्या बांगलादेशाचा तो राष्ट्रीय पक्षी आहे. थंडीभर तो कुठे असतो ते कळत नाही, कारण त्या काळात तो फारसा गात नाही. पण फाल्गुन-चैत्र आला, की भल्या पहाटे पाण्याच्या टाकीवर, टीव्हीच्या डिशवर किंवा लिंबाच्या शेंड्यावर बसून त्याची मैफल सुरू होते. अंबाजोगाईसारख्या झाडं टिकवून असलेल्या गावात पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी हे गाणं नक्की ऐकलेलं असणार. त्याच्या स्वतःच्या गाण्यात तो इतरांच्या ताना बेमालूम मिसळतो.

आणि चौथा, आपल्या माळरानाचा चंडोल. मातकट रंगाचा, डोक्यावर छोटा तुरा असलेला, ढेकळांत बसला तर दिसायचाही नाही असा. याची एक जात खास आपल्या दख्खनची आणि मध्य भारताची. जगात इतरत्र ती सापडत नाही. कर्नल विल्यम सायक्स नावाचा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारच्या नोकरीत असताना दख्खनभर फिरला. शेती, लोकसंख्या, प्राणी, पक्षी अशी सगळी मोजदाद त्यानं केली आणि १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. त्या यादीतून हा चंडोल शास्त्राच्या जगात गेला. आजही तो सायक्सच्या नावानंच ओळखला जातो. हा चंडोल हवेत उंच चढत गातो आणि त्या गाण्यात माळावरच्या इतर पक्ष्यांच्या आवाजांचे तुकडे गुंफतो. ज्या माळाला आपण 'इथे काही नाही' म्हणतो, तिथल्या सगळ्या रहिवाशांची हजेरी तो वरून घेत असतो.

आता कुणी विचारेल, की पक्षी नकला का करतात? याचं एकच एक उत्तर शास्त्रज्ञांकडे नाही. काही ठिकाणी पोटासाठी, हे कोतवालाच्या उदाहरणात आपण पाहिलं. काही ठिकाणी शत्रूला हुसकावण्यासाठी. आणि बऱ्याच वेळा मादीवर छाप पाडण्यासाठी. गाणारे पक्षी गाणं शिकूनच गातात, आपल्या पोरांनी बोलणं शिकावं तसं. ज्याच्या गाण्यात जास्त प्रकार, तो नर जास्त अनुभवी, जास्त पावसाळे पाहिलेला, असा अंदाज मादी बांधत असावी. पूर्वी गावात बहुरूपी यायचा. कधी फौजदार बनून, कधी साधू बनून. जितकी सोंगं चोख, तितकं सुपात धान्य जास्त. पक्ष्यांच्या जगातही तोच हिशोब दिसतो.

आणि नकला काही एकाच बाजूनं होत नाहीत. आपणही पक्ष्यांच्या नकला करत आलो आहोत. टिटवी, कावळा, होला ही नावं उच्चारून पाहा, त्या त्या पक्ष्याचा आवाजच आहे तो. पावशाचा आवाज आपल्या शेतकऱ्यानं 'पेर्ते व्हा' असा ऐकला. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातल्या नोकरीत आणि नंतरही पक्ष्यांची, झाडांची लोकांच्या तोंडातली अशी नावं आयुष्यभर गोळा केली, त्यांचा कोश केला. २०२५ च्या जूनमध्ये ते आपल्यातून गेले. त्यांनी साठवलेले हे शब्द वापरात ठेवणं आपल्या हाती आहे.

श्रोतेहो, आता फोटोंकडे वळू. हा छंद आता श्रीमंतांचा राहिलेला नाही. पूर्वी रोल धुवायला छत्रपती संभाजीनगरला, त्या वेळच्या औरंगाबादला किंवा पुण्याला पाठवावा लागे. छत्तीस फोटोंत एखादा बरा निघे. आज प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलला कॅमेरा आहे आणि, नकलाकार पक्ष्यांच्या बाबतीत त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आवाज टिपायची सोय आहे. या पक्ष्यांचा नुसता फोटो म्हणजे गायकाचा मुका फोटो. म्हणून आधी आवाज टिपा, मग फोटो काढा. फोटो धूसर आला तरी चालेल, आवाजाबरोबर तारीख, वेळ, जागा आणि पक्षी कशावर बसला होता, हे मात्र लिहून ठेवा.

काही साध्या गोष्टी अनुभवानं सांगतो. कोतवालासारखा काळा पक्षी उजळ आभाळाच्या पार्श्वभूमीवर टिपला, तर फोटोत नुसती काळी आकृती येते. मोबाइलच्या पडद्यावर पक्ष्यावर बोट ठेवून उजेड थोडा वाढवला, की पिसांवरची निळसर झाक आणि चोचीजवळचा पांढरा ठिपका दिसायला लागतो. सूर्य आपल्या पाठीशी असावा. सकाळी साडेनऊच्या आत आणि दुपारी चारनंतरचा उजेड उत्तम. आपल्याकडच्या वैशाखातल्या दुपारी तर जमिनीतून निघणाऱ्या वाफेमुळे चित्रच थरथरतं. त्या वेळी पक्षीही सावलीत असतात, आपणही असावं.

पायी चालत पक्ष्याच्या दिशेनं सरळ गेलं की तो उडतो. तेच आपण बैलगाडीत, मोटारीत असलो, तर तो बराच जवळ येऊ देतो. माणूस दोन पायांवर आला की भीती, चाकांवर आला की नाही, असं काहीसं त्याचं गणित आहे. म्हणून गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभी करून, आत बसूनच फोटो काढावेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकच जागा धरावी. रोज नवा पक्षी शोधत पन्नास किलोमीटर फिरण्यापेक्षा आपल्या घराजवळची एक तार, एक बाभूळ, एक विहिरीचा काठ वर्षभर पाहावा. खाटीक आणि कोतवाल हे ठरावीक जागी बसणारे पक्षी आहेत. काल ज्या खांबावर होता, आजही बहुधा तिथेच असेल. आठ दिवसांत तुम्हाला त्याचा दिनक्रम कळतो.

त्याच आठ दिवसांत त्यालाही तुम्ही कळता, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात मॉकिंगबर्डवर केलेला एक सुंदर प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या आवारात हे पक्षी घरटी करत. रोज हजारो विद्यार्थी त्यांच्या जवळून जात, पक्षी ढिम्म हलत नसत. मग एका माणसानं घरट्याजवळ उभं राहून काठावर हात ठेवायचा आणि निघून जायचं, असं लागोपाठ चार दिवस केलं. सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाचा. दिवसागणिक तो माणूस अधिक लांबून दिसला तरी पक्षी घरटं सोडून उठू लागले, त्याच्या अंगावर धावून जाऊ लागले. पाचव्या दिवशी दुसराच माणूस पाठवला. त्याच्याशी मात्र पक्षी पहिल्या दिवसासारखेच वागले. म्हणजे हजारोंच्या गर्दीतून त्यांनी तो एक माणूस ओळखून काढला होता. मोजून दोन वेळा, तीस-तीस सेकंदांच्या भेटीत.

कॅमेरा हातात घेणाऱ्या प्रत्येकानं हा प्रयोग मनात कोरून ठेवावा. आपण पक्ष्याचं निरीक्षण करतो तेव्हा पक्षी आपलं करत असतो. तुमची ओळख त्याच्या डोक्यात कशी राहणार, हे तुमच्या वागण्यावर ठरतं.

म्हणूनच घरट्याचे फोटो काढू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पिल्लाच्या चोचीत किडा भरवणारी मादी, हे चित्र मोहक असतं यात शंका नाही. पण ते चांगलं दिसावं म्हणून घरट्यापुढची फांदी बाजूला बांधली जाते, पानं छाटली जातात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत, चाळीस अंशांच्या वर गेलेल्या उन्हात, ती चार पानं म्हणजे पिल्लांचं छप्पर असतं. ते गेलं की पिल्लं भाजतात. शिवाय तुम्ही जिथे तासभर उभे राहिलात, तिथे काहीतरी आहे हे कावळ्याला कळतं. तुम्ही फोटो घेऊन घरी जाता, मागे कावळा येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तर वन्य पक्ष्यांच्या घरट्याला, अंड्यांना त्रास देणं हे 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच घातलेलं आहे. बंदूक हाती नसली तरी शिकार होऊ शकते, असा त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट मोबाइलवर आवाज वाजवण्याची. हल्ली कुठल्याही पक्ष्याचा आवाज मोबाइलवर मिळतो. तो वाजवला की झुडपातला नर चवताळून बाहेर येतो, कारण त्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला. फोटो छान मिळतो. पण तो बिचारा दाणापाणी सोडून, पिल्लं सोडून, नसलेल्या शत्रूशी भांडत राहतो. आपण त्याच्यापुढे कोतवाल बनतो आणि 'लांडगा आला' असं ओरडतो. फरक एवढाच, की कोतवाल ते पोटासाठी करतो.

आवाज ओळखून देणारी ॲपही आता मोफत आहेत. कॉर्नेल विद्यापीठाचं 'मर्लिन' हे त्यातलं एक. नवशिक्यानं ते जरूर वापरावं. पण नकल्या खाटकापुढे यंत्रही फसू शकतं. ते सांगेल टिटवी. बाभळीवर टिटवी बसत नसते, हे सांगायला तुमच्याच डोळ्यांना जावं लागेल.

श्रोतेहो, हा छंद विरंगुळ्याचा आहेच, पण आज तो तेवढ्यापुरता राहिलेला नाही. देशभरातल्या हौशी निरीक्षकांनी पाठवलेल्या नोंदींवरून २०२३ साली 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल तयार झाला. त्यात ९४२ जातींचा आढावा घेतला आहे आणि १७८ जातींकडे तातडीनं लक्ष द्यायला हवं, असं म्हटलं आहे. उघड्या माळरानावर, गवताळ भागात राहणाऱ्या पक्ष्यांची घसरण त्यात ठळकपणे दिसते. आपल्या नकल्याचा मोठा भाऊ, राखी रंगाचा मोठा खाटीक, हा तर सगळ्यात वेगानं कमी होणाऱ्यांपैकी एक आहे. त्याची संख्या ऐंशी टक्क्यांहून अधिक घटली असावी, असं अहवाल सांगतो.

याची कारणं आपल्याला घरबसल्या दिसतात. बांध कोरून कोरून दोन फुटांवर आला, त्याबरोबर बांधावरची बोर, बाभूळ, हिवर गेली. रस्ता रुंद झाला, कडेची जुनी झाडं गेली. कपाशीवर फवारे वाढले, किडे गेले. आणि माळ? सरकारी दप्तरात माळ म्हणजे पडीक जमीन. तिथे मुरूम काढावा, प्लॉट पाडावेत, नाहीतर खड्डे खणून झाडं लावावीत. झाडं लावण्याला कुणाचा विरोध असेल? २०२० च्या फेब्रुवारीत बीडजवळ पालवणच्या सह्याद्री देवराईत वृक्षसंमेलन भरलं, तेव्हा आपण सगळ्यांनी त्याचं कौतुकच केलं. पण प्रत्येक माळ हा रान होण्याची वाट बघत पडलेला नसतो. गवत, खुरटी काटेरी झुडपं आणि मधली मोकळी जमीन हेच चंडोलाचं, टिटवीचं आणि खाटकाचं घर आहे. पाटोदा तालुक्यातलं नायगावचं मयूर अभयारण्य १९९४ साली जाहीर झालं. मोरासाठी राखलेल्या त्या टेकड्यांच्या आसऱ्यानं असे कितीतरी बिननावाचे पक्षीही टिकून आहेत. पण सगळा जिल्हा काही अभयारण्य होऊ शकत नाही. बांध मात्र प्रत्येकाला राखता येतो.

आणि हे नुसतं भूतदयेचं बोलणं नाही. कापूस, तूर, हरभऱ्याच्या शेतात 'पक्षीथांबे' उभारा, असं कृषी विद्यापीठं आणि कृषी खातं सांगत आलं आहे. इंग्रजी 'टी' अक्षरासारखी काठी पिकात रोवायची, त्यावर कोतवाल, साळुंकी येऊन बसतात आणि घाटेअळीचा फडशा पाडतात. पूर्वी हे थांबे फुकट होते. त्यांना बाभूळ म्हणत.

नकलाकार पक्ष्यांच्या बाबतीत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ऑस्ट्रेलियात रीजंट हनीईटर नावाचा एक सुंदर पक्षी आहे. तो इतका विरळ झाला, की तरुण नरांना शिकवायला जाणते नरच आसपास उरले नाहीत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळलं, की काही नर स्वतःच्या जातीचं गाणं विसरून दुसऱ्याच पक्ष्यांची गाणी गात आहेत. ती नक्कल हौसेची नव्हे, ती पोरकेपणाची. आणि असं परकं गाणं गाणाऱ्या नराला जोडीदारीण मिळणंही कठीण.

नकल्याचं उलट आहे. त्याचं गाणं म्हणजे त्याच्या शेजाऱ्यांची यादी. टिटवी आहे, कोकीळ आहे, खार आहे, म्हणून त्यांचे तुकडे त्याच्या गाण्यात आहेत. ज्या शिवारात टिटवी उरणार नाही, तिथल्या नकल्यांच्या पुढच्या पिढ्या टिटवी कुठून शिकणार? तेव्हा एखाद्या गावात किती पक्षी उरले आहेत हे पाहायचं असेल, तर बांधावरच्या नकल्याचं गाणं ऐकावं आणि त्यातले आवाज मोजावेत, असं मला वाटतं. हा काही शास्त्रीय निकष नव्हे. पण पाचवीतल्या मुलालाही जमेल अशी ही पाहणी आहे.

आपल्याकडे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली घरं साधारण चैत्राच्या सुमारास परत येतात. शाळेतली गेलेली मुलं पुन्हा दिसू लागतात. नेमका तोच कोतवालाच्या, दयाळाच्या विणीचा हंगाम. ही मुलं पहाट पाहिलेली असतात, रान ऐकलेली असतात. शिक्षकांना माझी विनंती आहे, की पक्षिनिरीक्षणाचा उपक्रम त्या दिवसांत घ्या आणि वहीत पहिली नोंद या मुलांना करू द्या. शाळेत एक मोबाइल पुरतो. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना होते, तिच्यात घराच्या अंगणातून पंधरा मिनिटांची नोंदही चालते. बीड जिल्ह्यातून अशा नोंदी जितक्या जास्त जातील, तितका हा जिल्हा पक्ष्यांच्या नकाशावर दिसेल. जखमी पक्षी आढळला, तर वनविभागाला कळवा. शिरूर कासार तालुक्यात तागडगाव इथे 'सर्पराज्ञी' हे वन्यजीवांच्या पुनर्वसनाचं केंद्रही काम करतं.

उद्या सकाळी गच्चीवर जा, किंवा शेतात जाताना पाच मिनिटं थांबा. तारेवर कोण बसलं आहे ते पाहा. ते जे बोलतं आहे ते त्याचं स्वतःचं आहे, की कुणाची नक्कल आहे, ते ओळखायचा प्रयत्न करा. आणि या हंगामात बांधावरची एक बाभूळ, एक बोर तोडायची राहू द्या. फोटोला तेवढी पार्श्वभूमी पुरते, पक्ष्याला तेवढं घर पुरतं.